सीओईपीत मेटलर्जी की खासगी कॉलेजात कम्प्युटर? कॉलेजचं नाव नोकरीत नेमकं कुठे मोजलं जातं

प्रश्न थोडक्यात असा: मुलीला एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर पुण्याच्या सीओईपी या नामांकित सरकारी इंजिनिअरिंग संस्थेत मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळू शकतं आणि घरापासून तासाभरावरच्या एका खासगी कॉलेजात कम्प्युटर. नातेवाईक म्हणतात नाव बघा, क्लासवाले म्हणतात ब्रँच बघा. पुढे नोकरी लागताना कॉलेजच्या नावाचा खरंच किती उपयोग होतो?

उपयोग होतो आणि चांगलाच होतो, फक्त लोक समजतात तिथे होत नाही. मुलाखत घेणारा कॉलेजचं नाव वाचून मार्क देत बसत नाही. त्याच्यापुढे त्याचे प्रश्न असतात, आणि साधी लिंक्ड लिस्ट उलटी करण्यासारखा कोडिंगचा प्राथमिक प्रश्न सोडवता आला नाही तर नामांकित कॉलेजचा मुलगाही घरी जातो. नावाचं काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं: यंदा कोणत्या कॉलेजांत जायचं ही यादी कंपनीत ठरते तेव्हा.

ही यादी कशी बनते ते समजून घ्या, बाकीचं मग आपोआप कळेल. पुढच्या बॅचमधून किती मुलं घ्यायची हा आकडा साधारण उन्हाळ्यात ठरतो. मग भरती बघणारी टीम गेल्या वर्षाचा तक्ता उघडते. प्रत्येक कॉलेजपुढे पाच आकडे असतात: चाचणीला किती बसले, किती पास झाले, किती जणांना ऑफर दिली, किती जण प्रत्यक्ष रुजू झाले आणि वर्षभरात किती सोडून गेले. समजा एका कॉलेजात १५० मुलं चाचणीला बसली आणि १२ निवडली गेली. दुसरीकडे ३०० बसली आणि २ निवडली गेली. दोन्हीकडे जायला खर्च जवळपास तेवढाच: चार-सहा इंजिनिअरांचा कामाचा दिवस, प्रवास, मुक्काम. दुसरं कॉलेज पुढच्या वर्षी यादीतून जातं. त्या ३०० मुलांत पाच-सहा हिरे असतीलही, पण ते शोधण्याचा खर्च कंपनीला परवडत नाही. सीईटीने आधीच चाळून दिलेली मुलं जिथे एका जागी सापडतात, तिथे ती जाते. कॉलेजच्या नावाची बाजारातली किंमत मुख्यतः या चाळणीची असते, शिकवण्याची फार थोडी. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं: पदवी मालकाला उमेदवाराविषयी इशारा देते, मग त्या पदवीने उमेदवाराला काही शिकवलेलं असो वा नसो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.

भारतातला पुरावाही याच दिशेचा आहे. शीतल सेखरी यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रवेशाच्या कटऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची तुलना करतो. नामांकित सरकारी कॉलेजात शिरलेल्यांचा पगार जास्त निघाला, पण बाहेर पडतानाच्या परीक्षेतले गुण मात्र सारखेच. फायदा नावाचा झाला, ज्ञानाचा नाही. त्याच्या शेजारी अमेरिकेतला डेल आणि क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास ठेवा. सारख्याच कुवतीच्या, सारख्याच नामांकित विद्यापीठांत अर्ज केलेल्या मुलांपैकी जी कमी नावाच्या ठिकाणी शिकली, त्यांची पुढची कमाई सरासरीने फारशी कमी नव्हती. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र नावाचा फायदा स्पष्ट दिसला. कारण उघड आहे. ज्याचे काका-मामा कंपन्यांत आहेत त्याला कॉलेजने ओळखी दिल्या नाहीत तरी चालतं. ज्याच्या घरात तो पहिलाच पदवीधर, त्याच्या सगळ्या ओळखी कॉलेजमधूनच येतात. म्हणून ‘हुशार मूल कुठेही चमकतं’ हे वाक्य कोण म्हणतंय तेही बघत जा.

आता आपल्याकडची एक गंमत. आपण ‘विद्यापीठाचं नाव’ म्हणतो, पण महाराष्ट्रात मालक ते वाचतच नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.ई.च्या पदवीवर चांगल्या आणि यथातथा, दोन्ही कॉलेजांच्या मुलांना विद्यापीठ एकच मिळतं. भरती करणारा बघतो कॉलेज. स्वायत्त कॉलेजांत अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची, तिच्यावर कॉलेजचंही नाव. सीओईपी १८५४ पासूनची संस्था, २०२२ मध्ये स्वतःच विद्यापीठ झाली. माटुंग्याची आयसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था त्याआधीपासून अभिमत विद्यापीठ आहे. विद्यापीठाचा थेट फटका बसतो तो बहुतेक वेळा कारभारातून. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल ऑनस्क्रीन तपासणीच्या गोंधळात रखडले, तेव्हा नोकरी किंवा परदेशी प्रवेश हातात असलेल्यांची मार्कशीटअभावी जी धावपळ झाली, तिचा गुणवत्तेशी काही संबंध नव्हता. निकाल वेळेवर लागतो का, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट किती दिवसांत मिळतं, ट्रान्सक्रिप्टला किती चकरा माराव्या लागतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. रुजू होताना कागद वेळेत नसतील तर मुदतवाढ मिळतेच असं नाही.

तुम्हाला कॉलेजांनी दिलेली ‘प्लेसमेंट ९२ टक्के’ अशी माहितीपत्रकं मिळाली असतील. हा आकडा कसा तयार होतो ते एका कल्पित उदाहरणात बघा. शाखेत १२० मुलं. त्यातली ३० केटी (राहिलेले विषय) असलेली किंवा ६० टक्क्यांच्या खालची, म्हणजे ‘अपात्र’. उरली ९०. पंधरा जणांनी पुढे शिकणार किंवा घरचा व्यवसाय बघणार असं लिहून दिलं, त्यांची नोंदणीच नाही. राहिले ७५. कंपन्यांनी ऑफर दिल्या ६९, पण त्या मिळाल्या ४८ जणांना, कारण काहींना दोन-दोन मिळाल्या. ६९ भागिले ७५, झाले ९२ टक्के. खरा हिशेब ४८ भागिले १२०, म्हणजे ४० टक्के. खोटं काहीच नाही, फक्त वर ऑफर मोजल्या आणि खाली सोयीची मुलं.

पॅकेजचंही तेच. त्या ४८ पैकी ४० जण ३.६ लाखांवर, ७ जण ७ लाखांवर आणि एकजण ४२ लाखांवर लागला, तर सरासरी येते ४.९ लाख. मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३.६ लाखच राहतो. फलकावर झळकतो तो ४२ लाखवाला, आणि पुष्कळदा त्याने ती नोकरी कॅम्पसबाहेर स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली असते. शिवाय ३.६ लाख ही सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा, कधी व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) धरलेलं असतं. तुमचा पीएफ कापून हातात साधारण २३ ते २५ हजार येतात. (व्यवसायकर महिलांना २५ हजार पगारापर्यंत माफ आहे, तेवढाच दिलासा.) सीटीसीत जॉइनिंग बोनस घुसवला असेल तर दुसऱ्या वर्षी पगार वाढण्याऐवजी कमी झाल्यासारखा दिसतो.

खरा आकडा कुठे मिळेल? एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ‘एनआयआरएफ’ नावाचा दुवा बहुधा मुख्य पानाच्या तळाशी असतो. ती पीडीएफ उघडा, क्रमांकाकडे अजिबात बघू नका. क्रमांकात संशोधन, प्राध्यापकांचं प्रमाण आणि १० टक्के निव्वळ ‘लोकमत’ असं बरंच काही मिसळलेलं असतं. चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. त्यात पहिल्या वर्षी किती प्रवेश झाले, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरल्या वेळेत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे तीन वर्षांसाठी ओळीने दिलेलं असतं. आधी वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण काढा. निम्मी मुलं वेळेत बाहेर पडत नसतील, तर पुढच्या प्लेसमेंटच्या गप्पा उरलेल्या निम्म्यांच्याच आहेत. मग मध्यक तीन वर्षं कसा हलला ते बघा. दोन मर्यादा लक्षात असू द्या: आकडे कॉलेजनेच भरलेले असतात, आणि सगळ्या शाखा त्यात एकत्र असतात.

शाखेनिहाय माहितीसाठी टीपीओकडे, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे जावं लागेल. ‘कंपन्या येतात का?’ असं विचारू नका, होच म्हणतील. गेल्या वर्षीची कंपनीवार यादी मागा: कोणती कंपनी, कोणत्या शाखांना परवानगी, किती जण निवडले, किती रुजू झाले. शेवटच्या रकान्यावर अडखळले तर समजून जा. २०२२ नंतर आयटीत ऑफर देऊन रुजू करून घ्यायला महिनोन्महिने लावल्याची प्रकरणं गाजली, त्यामुळे ऑफर आणि नोकरी यांतला फरक आता सगळ्यांनाच कळतो. भेट स्वतःच्या कॅम्पसवर होती की पूल कॅम्पस, म्हणजे सात-आठ कॉलेजांची मुलं एकत्र, तेही विचारा. एका मुलाला किती ऑफर घेता येतात याचा नियम विचारा. एकच ऑफर आणि दीडपट-दुप्पट पगाराच्या ‘ड्रीम’ कंपनीला सूट, असा नियम कडक असेल तर कॉलेज रुजू होण्याचं प्रमाण सांभाळतंय असं समजा, कारण ऑफर घेऊन न जाणारी मुलं आपल्या ज्युनिअरांची कंपनी घालवतात. आणि एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: आठव्या सेमिस्टरला सहा महिने कंपनीत इंटर्नशिप करायला एनओसी (ना-हरकत पत्र) देता का? ७५ टक्के हजेरीचं कारण सांगून नकार देणारी कॉलेजं आहेत. चांगल्या कंपन्या हल्ली थेट नोकरीपेक्षा इंटर्नशिप देऊन नंतर पीपीओ, म्हणजे त्या कामावरून पक्क्या नोकरीची ऑफर, देणं पसंत करतात, म्हणजे या एका नकाराने अर्ध्या संधी जातात.

आता मेटलर्जी आणि कम्प्युटर. कंपनी कॅम्पसवर येताना तीनपैकी एक अट घालते: सगळ्या शाखा, फक्त सर्किट शाखा (कम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल), किंवा फक्त तिच्या कामाची शाखा. मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या आयटी कंपन्या बहुधा सगळ्या शाखा घेतात. तिथे मेटलर्जीवाली कम्प्युटरवालीच्या शेजारी बसून तीच चाचणी देते. मात्र बारा-पंधरा लाख देणारी प्रॉडक्ट कंपनी (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी) शाखेच्या अटीवर बरेचदा अडून बसते, आणि तिथे नामांकित कॉलेजची मेटलर्जी बाहेर राहते. उलट पुणे परिसरात फोर्जिंग, कास्टिंग, वाहनांचे सुटे भाग यांचे कारखाने इतके आहेत की मेटलर्जीला जीईटी (शिकाऊ पदवीधर इंजिनिअर) म्हणून कामाच्या जागा खरोखर आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा, शिफ्ट, भट्टीजवळचं काम. पण माणसं कमी असल्याने अनुभवाला भाव येतो. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या आशेवर मेटलर्जी घेऊ नका. बदल रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर होतो, आणि कम्प्युटरच्या जागा रिकाम्या होतात किती? मायनरची, म्हणजे जोडविषयाची, सोय भरवशाची: जास्तीचे १८ ते २० क्रेडिट घेऊन कम्प्युटर किंवा डेटा सायन्स जोडता येतं. मायनर कंपनीच्या शाखेच्या अटीत मात्र क्वचितच धरतात. तिचा उपयोग मुलाखतीत होतो.

खासगी कॉलेजात कम्प्युटर घेतलं, तर नावाची उणीव भरून काढायच्या वाटा ठरलेल्या आहेत, फक्त त्या तिसऱ्या वर्षी शोधायच्या नसतात. पहिलं, केटी नको. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के ही चाळणी संगणक लावतो. तिथे कॉलेज कोणतं हे विचारायलाही कोणी नसतं. दुसरं, कॉलेज न बघणाऱ्या चाचण्या. टीसीएसची एनक्यूटी, विप्रोची नॅशनल टॅलेंट हंट, इन्फोसिसची हॅकविथइन्फी ही कोडिंग स्पर्धा कोणत्याही कॉलेजच्या पात्र मुलांना खुली असते. टीसीएसमध्ये याच चाचणीतल्या कामगिरीवर निंजा, डिजिटल, प्राइम अशा पायऱ्या ठरतात आणि निंजा ते डिजिटल हे अंतर साधारण दुप्पट पगाराचं आहे. कमी नावाच्या कॉलेजातली बहुतेक मुलं निंजाच्या तयारीवर थांबतात, कारण आजूबाजूला सगळे तेवढंच करत असतात. नामांकित कॉलेजचा खरा न दिसणारा फायदा हाच: शेजारच्या खोलीतला मुलगा रात्री बारा वाजता काय सोडवतोय ते दिसतं.

तिसरी वाट रेफरलची, म्हणजे कंपनीतल्या माणसाने आपलं नाव पुढे करण्याची, आणि इथे बहुतेकांचं चुकतं. ‘सर, प्लीज मला जॉब हवा आहे’ असा निरोप दोनशे जणांना पाठवून काही होत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर फ्रेशरसाठीची जागा शोधा, तिचा जॉब आयडी घ्या. लिंक्डइनवर आपल्या कॉलेजच्या पानावरून त्या कंपनीत असलेले माजी विद्यार्थी काढा. दोन-चार वर्षांचा अनुभव असलेले निवडा, ते उत्तर देतात. निरोप चार ओळींचा: मी कोण, कोणती बॅच, हा जॉब आयडी, त्या जागेच्या मागणीशी जुळणारं मी केलेलं एक काम आणि त्याचा दुवा, रेफर करता येईल का. सोबत एका पानाचा रेझ्युमे, पीडीएफमध्ये, दोन रकान्यांची सजावट न करता, कारण कंपन्यांची सॉफ्टवेअर तशी मांडणी नीट वाचत नाहीत. कॉलेजचं नाव लपवू नका. फक्त प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप वर, शिक्षण खाली. प्रोजेक्ट पन्नास जणांनी केलेला ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ असेल तर न लिहिलेला बरा.

पैसे घेऊन ‘बॅकडोअर’ नोकरी लावणारे किंवा खोटा दोन वर्षांचा अनुभव तयार करून देणारे कन्सल्टन्सीवाले पुण्यात पावलोपावली भेटतात. कंपनीची तपासणी पीएफच्या नोंदीपर्यंत जाते. पकडलं गेलं की नोकरी जाते आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

काही वाटांवर नाव शून्य मोजलं जातं. गेट या राष्ट्रीय इंजिनिअरिंग परीक्षेच्या गुणांवर भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या, एमपीएससी, महावितरण-महापारेषणच्या परीक्षा: मान्यताप्राप्त पदवी हवी, कॉलेज कोणतंही. इंजिनिअरिंगबाहेर सीएचंही तसंच. परीक्षा आणि आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) कुठे केली ते बघतात, बी.कॉम. कुठून केलं हे सहसा नाही. कायद्यात उलट: मोठ्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कॅम्पसवरच घुटमळतात, तर मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजला चर्चगेटच्या पत्त्याचाही फायदा आहे, उच्च न्यायालय आणि फर्मची कार्यालयं चालत जाण्याच्या अंतरावर.

परदेशात जायचं असेल तर नावापेक्षा मान्यतेचा शिक्का महत्त्वाचा. जर्मनीत नोकरीच्या व्हिसासाठी बहुधा त्यांच्या अनाबिन या यादीत विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ लिहिलेलं असावं लागतं. प्रवेश घेण्याआधी दहा मिनिटांत बघून होतं. इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मानण्याच्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण त्याची मान्यता एनबीए या राष्ट्रीय मानांकन मंडळाने टियर-१ म्हणून मानांकित केलेल्या कोर्सनाच लागू होते. एनबीए शाखेला मिळतं, कॉलेजला नाही. तेव्हा ‘एनबीए मानांकित’ अशा पाटीखाली तुमची शाखा आहे का, हे पाहा. ब्रिटनने २०२२ मध्ये तर निवडक जागतिक विद्यापीठांच्या पदवीधरांना नोकरीशिवाय व्हिसा द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत भारतातलं एकही नव्हतं.

हे नाव टिकतं किती? सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या नोकरीपासून त्याचं वजन झपाट्याने उतरतं. तीन वर्षांनी आधीची कंपनी आणि तिथलं काम विचारतात. कन्सल्टिंग, गुंतवणूक बँका आणि स्टार्टअपसाठी भांडवल उभं करणं, इथे मात्र ते दहा वर्षांनीही चालतं.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं तर, तिला धातू, पदार्थविज्ञान, कारखाना यांची नावड नसेल तर सीओईपी घ्या. कंपन्यांची यादी आणि सोबतची मुलं ही दोन्ही तिथे विकत न मिळणारी आहेत. तिला फक्त सॉफ्टवेअरच करायचं असेल आणि खासगी कॉलेजचा मध्यक, वेळेत उत्तीर्ण होण्याचं प्रमाण आणि इंटर्नशिपची एनओसी हे तिन्ही ठीक असेल, तर कम्प्युटर घ्या. यातलं एक जरी ठीक नसेल तर शाखेच्या मोहात पडू नका. आणि ऑप्शन फॉर्म (प्रवेशासाठी कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम) भरताना काळजी घ्या: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ (पक्की) होते, पुढच्या फेरीत बेटरमेंट, म्हणजे याहून चांगली जागा, मागता येत नाही. त्यामुळे ‘मिळतंय तर टाकून ठेवू’ म्हणून मेटलर्जी वर लिहू नका. टीपीओंची भेट फॉर्म कन्फर्म करण्याआधी घ्या, आणि जाताना मुलीला घेऊन जा; प्रश्न तिनेच विचारलेले बरे.